एक-चार-एक

लानेलीच्या खाडीकाठी, तिसऱ्या मजल्यावर
आमचं पाणीपट्टीचं कॉल सेंटर.
काचेबाहेर ओहोटी, चिखल, सीगल;
आत अठ्ठावीस हेडफोन आणि एक किटली,
जिचं झाकण कार्विनने ऑगस्टात मोडलं
आणि अजून कबूल केलेलं नाही.

नंबर लपवायचा तर आधी एक-चार-एक दाबायचं,
हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.
मग समोरच्या फोनवर उमटतं : नंबर उपलब्ध नाही.
समोरच्या साध्या फोनवर.
आमच्याकडे मात्र तो येतो.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत,
लाजल्यासारखा, पण अकराच्या अकरा आकडे.
कसा येतो ते मला नीटसं कळलेलं नाही.
ट्रेनिंगला विचारलं, तर म्हणाले,
आपली लाइन तशी आहे.
मांजर डोळे मिटून दूध पितं
आणि आम्ही पगार घेऊन ते बघतो.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं असताना
एक बाई. आवाज कुजबुजता, वाक्यं पाठ केल्यासारखी.
संयुक्त खात्यातून माझं नाव काढायचंय.
ट्रेहार्न. पत्ता तोच जुना. मी तिथे राहत नाही.

ओळख पटवावी लागते, नियम आहे.
मी विचारलं, तुमच्या कुत्र्याचं नाव?
पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं, लाइन गेली.
"पिकल," ती म्हणाली.
"तो त्याच्याकडेच आहे."

मागे वॉशिंग मशीन धडधडत होतं,
कुणाचं तरी मूल कार्टूनला हसत होतं,
आणि ती दर वाक्यानंतर थांबत होती,
जिन्यावरची पावलं ऐकत बसलेल्या माणसासारखी.

"माझा नंबर तुम्हाला दिसत नाही ना?"

आता सांगा, काय म्हणायचं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
तिची माझ्या टेबलावर उघडी पडली होती,
शेवटी तीन, आठ.
मी म्हणाले, "दिसतो. पण मी तो लिहिणार नाही."
हे स्क्रिप्टमध्ये नाही.
ती काही बोलली नाही. फोन ठेवलाही नाही.

नाव काढायच्या फॉर्मवर
संपर्काची चौकट, शेजारी लाल तारा.
रिकामी ठेवली तर पान पुढे सरकत नाही.
भरली, तर पोचपावतीवर दोघांनाही दिसते,
कारण खातं दोघांचं. अजून तरी.
अकरा शून्यं टाकून पाहिली. यंत्र नको म्हणालं.
एक ते नऊ ओळीने टाकले. तेही नको.
कार्विनचा टाकावा असं क्षणभर वाटलं, किटलीसाठी.
शेवटी आमचाच टाकला,
बिलाच्या मागे छापलेला, अख्ख्या गावाला ठाऊक असलेला.
यंत्राने निमूट घेतला.

"झालं," मी म्हणाले.
"पाण्याचे पैसे मी डिसेंबरपर्यंतचे भरलेत," ती म्हणाली,
जणू तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

सुट्टी हुकली. सँडविच उभ्यानेच खाल्लं.

पुढच्या सोमवारी एक पुरुष.
गोड, अगदी विनयशील. हवापाण्याचं बोलला.
मग म्हणाला, बायकोने तुमच्याकडे एक नंबर दिलाय,
तो लावला, तर तुम्हीच उचललात.
काहीतरी घोटाळा दिसतोय. खरा कोणता?

मागे कुत्रं भुंकत होतं.

मी कोपऱ्यात पाहिलं.
त्यानेही आधी एक-चार-एक दाबलं होतं.
करडे, बारीक, अकराच्या अकरा.

"आमच्याकडे तेवढाच आहे, सर. आणखी काही मदत?"
तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला,
मग आभार मानून गेला.

त्याचा नंबर मात्र मी लिहून घेतला,
सँडविचच्या कागदावर, पेन्सिलीने.
कशासाठी, ते अजून ठरवलेलं नाही.